कान-मानेची खाज आणि आपला कटलरीचा धंदा

लग्नसराई ओसरली की नायगावच्या बाजारातील कटलरीच्या दुकानांत एक ठराविक गिऱ्हाईक दिसू लागते. निकाहाच्या आदल्या दिवशी मोठ्या हौसेने झुमक्यांचा जोड नेलेली बाई चार-आठ दिवसांनी तोच जोड कागदात गुंडाळून परत आणते. कानाची पाळी लाल होऊन सुजलेली असते, भोकातून पाणी येत असते आणि मानेवर हाराच्या मागे खाजेचे चट्टे उठलेले असतात. ‘‘भाऊ, हे मला सोसले नाही,’’ एवढेच ती म्हणते. आपले दुकानदार बांधव बहुधा उत्तर देतात, ‘‘तुमच्या अंगात उष्णता आहे.’’ बाई गप्प बसते, जोड घरी नेऊन डब्यात टाकते आणि पुढची खरेदी नांदेडला जाऊन करते.

हे उत्तर चुकीचे आहे. त्यामुळे गिऱ्हाइकाचे नुकसान होते आणि धंद्याचेही. कटलरीच्या दुकानातील निम्मा माल कानावर आणि मानेवर जातो. कानातले, हार, लच्छा, केसांची मेहंदी, अत्तर, क्रीम या सर्वांचा बरा-वाईट परिणाम तेथेच दिसतो. मानेची कातडी पातळ असते, तिच्यावर घाम साचतो, ऊन लागते आणि ओढणी-स्कार्फ घासतात. कानाच्या पाळीला तर आपण भोकच पाडलेले असते. म्हणून हा माल विकणाऱ्याला या दोन जागांची थोडी माहिती असणे जरुरीचे आहे.

मुलाम्याखाली काय असते?

ज्याला गिऱ्हाईक सरसकट ‘बेन्टेक्स’ म्हणते, मग माल कोणाचाही असो, तो इमिटेशन दागिना सामान्यतः पितळेचा किंवा तत्सम स्वस्त धातूचा असतो. त्यावर बहुतेक वेळा निकेलचा थर देतात आणि त्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. निकेल मध्येच का, तर त्याने चकाकी येते आणि पितळेतील तांबे वर येऊन सोन्याचा रंग बिघडत नाही. कारखानदाराच्या दृष्टीने ही सोय आहे. मात्र जगभर दागिन्यांमुळे होणाऱ्या त्वचेच्या त्रासाचे सर्वांत मोठे कारण हेच निकेल आहे.

त्याचे काम असे चालते. वरचा मुलामा घासून गेला की घामातील मीठ निकेलपर्यंत पोचते आणि निकेलचे सूक्ष्म कण विरघळून कातडीत शिरतात. काही माणसांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू म्हणून ओळखून ठेवते. ही ओळख पटायला काही दिवस, कधी काही वर्षेही लागतात. म्हणूनच बाई म्हणते की, ‘‘पूर्वी मला काही होत नव्हते.’’ ते खरेच असते. एकदा ओळख पटली की मग ती सहसा जन्मभर टिकते. त्यानंतर निकेल लागल्यावर एक ते तीन दिवसांत खाज, लाली, बारीक फोड आणि पाणी सुटणे सुरू होते. दागिना घातला त्याच क्षणी त्रास होत नसल्याने दोष कशाचा हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही, आणि दुकानदारालाही हात झटकणे सोपे जाते. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या वर जातो आणि लग्ने त्याच दिवसांत असतात. भरपूर घाम, नवे दागिने आणि दिवसभर अंगावर तेच, हे सगळे एकाच वेळी जमून येते. ‘उष्णता’ म्हणणाऱ्या दुकानदाराचे एवढेच काय ते खरे.

या धंद्यातील दोन नावे गिऱ्हाइकाला हमखास फसवतात. पहिले नाव ‘एक ग्राम सोन्याचे दागिने’. या नावाचा अर्थ प्रत्येक नगात एक ग्राम सोने आहे असा होत नाही. तो मुलाम्याचाच माल आहे, फार तर मुलामा थोडा जाड. दुसरे नाव ‘जर्मन सिल्व्हर’. हल्ली ज्या काळपट ऑक्सिडाइज्ड दागिन्यांची कॉलेजच्या मुलींमध्ये चलती आहे, त्यातील बराच माल याचा असतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे. म्हणजे येथे निकेल मुलाम्याखाली लपलेलेही नाही, धातूच त्याचा आहे. चांदी समजून ते नेणाऱ्या मुलीला हे सांगितलेच पाहिजे.

धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपणा सर्वांना माहीत आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी एका ढिगात हात घातला, तेव्हा वर कोरडे आणि आत ओले धान्य निघाले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. पाऊस काही त्या विक्रेत्याने पाडला नव्हता, आणि निकेल काही नायगावच्या दुकानदाराने घातलेले नाही. परंतु आतले वर दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

युरोपात या प्रश्नाचा निकाल कायद्याने लावण्यात आला. डेन्मार्कने 1990 च्या सुमारास निकेलवर बंधन घातले. मग 1994 मध्ये युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी तसा नियम केला. आज तेथे कातडीला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे 0.5 मायक्रोग्रामपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीसाठी ही मर्यादा 0.2 आहे. या नियमानंतर डेन्मार्कमधील तरुण मुलींमध्ये निकेलची ॲलर्जी कमी झाल्याचे तेथील पाहणीत आढळले. आपल्याकडे घाऊक व्यापाऱ्याच्या पावतीवर निकेलचा उल्लेख सहसा नसतो. तेव्हा परीक्षा आपणच करावी लागते.

ही परीक्षा अवघड नाही. बारावी विज्ञानाच्या मुलांना रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात निकेल ओळखण्यासाठी जे डायमिथाइल ग्लायॉक्झाइम वापरायला देतात, तेच येथे चालते. कापसाच्या बोळ्यावर या द्रावणाचा एक थेंब आणि अमोनियाचा एक थेंब घेऊन दागिन्याच्या मागच्या बाजूला व दांडीवर अर्धा मिनिट चोळावे. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे, असे समजावे. आपल्या ओळखीच्या विज्ञान शिक्षकाला विनंती करून नव्या मालाच्या पेटीतील दोन-चार नग त्यांच्या समोर तपासून घेता येतील. अमोनियाचा वास नाका-डोळ्यांना झोंबतो, म्हणून दुकानात पोरांच्या हाती हे देऊ नये. मुलामा नवा असताना कापूस पांढरा राहील आणि सहा महिन्यांनी तोच नग गुलाबी दाखवील, हेही लक्षात असावे. पण जो नग पहिल्याच दिवशी गुलाबी दाखवतो, तो टोचलेल्या कानासाठी विकण्याच्या लायकीचा नाही. चुंबक लावून पाहणारे काही व्यापारी आहेत. त्याने लोखंड ओळखता येते; पितळेवरचा निकेलचा पातळ थर त्याने पकडता येत नाही.

ज्या बाईला सोसत नाही तिला विकायचे काय? सोन्याची ऐपत असेल तर प्रश्नच नाही. 22 कॅरेटच्या पिवळ्या सोन्यात साधारणपणे चांदी-तांब्याचीच भेसळ असते. हॉलमार्क व सहा अक्षर-अंकांचा एच.यू.आय.डी. क्रमांक पाहून घ्यावा. ‘व्हाइट गोल्ड’ मात्र विचारूनच घ्यावे, कारण सोने पांढरे करण्यासाठी त्यात निकेल घालतात. सोने परवडत नसेल तर खरी 92.5 टक्क्यांची चांदी, टायटॅनियमची दांडी किंवा निव्वळ प्लास्टिकची दांडी चालते. शस्त्रक्रियेच्या दर्जाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टीलमध्येही निकेल असते, पण ते घट्ट बांधलेले असल्याने फार कमी सुटते. बहुतेकांना ते सोसते, काहींना सोसत नाही. नांदेड किंवा हैदराबादच्या बेगम बाजारातून माल भरताना अशा साध्या टॉप्सचा एक वेगळा खण करावा आणि त्यावर ‘नाजूक कानांसाठी’ अशी चिठ्ठी लावावी. खण लहान असला तरी चालेल. ज्या बाईचे कान दोनदा चिघळले आहेत, तिला भावात घासाघीस करण्यापेक्षा न चिघळणारा टॉप हवा असतो.

दांडीला पारदर्शक नेलपॉलिश लावून देण्याची एक युक्ती बाजारात चालते. एका संध्याकाळपुरती ती ठीक आहे, पण थर लवकर झिजतो. शिवाय नेलपॉलिशचीही काहींना ॲलर्जी असते, आणि गंमत अशी की ती बोटांना न दिसता मानेवर व पापण्यांवर उठते, कारण दिवसभर आपली नखे नकळत तेथे लागत असतात. वुजूसाठी नेलपॉलिश काढून टाकणाऱ्या आपल्या भगिनी या त्रासातून बऱ्याच अंशी आपोआप सुटतात.

कान टोचण्याविषयी

आपल्याकडे मुलींचे कान लहानपणीच टोचतात. पहिली तार कोणत्या धातूची, हा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. ताज्या जखमेत निकेल गेले तर ॲलर्जी जडण्याचा संभव फार वाढतो, आणि मग ती मुलगी आयुष्यभर खाजवत राहते. जुने लोक सोनाराकडून सोन्याच्या तारेने कान टोचून घेत, त्यात शहाणपण होते. मुलामा दिलेली बाळी ताज्या भोकात कधीही घालू नये, दुकानदारानेही ती त्यासाठी विकू नये. पाळीचे भोक भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर तार उगाच फिरवू नये, हळद-तेलाचे थर चढवू नयेत, उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे मीठ घालून त्याने पुसावे. कानाच्या वरच्या कुर्चेला टोचण्याची फॅशन आली आहे. तेथे रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे संसर्ग झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. ज्यांच्या घरात जखमेच्या जागी गाठी वाढण्याची खोड आहे, त्यांनी टोचण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

जड झुमक्यांनी पाळी फाटते, हे वेगळे सांगायला नको. आपल्या आजी-नानींच्या झुमक्यांना केसांत अडकवायचे सहारे असत. मराठीत ज्याला वेल म्हणतात तेच. ते शोभेसाठी नव्हते, वजन पेलण्यासाठी होते. जड जोड विकताना सोबत सहारे ठेवले तर तेही खपतात.

वुजूच्या वेळी कानांवरून ओला हात फिरतो, कानांमागेही ओल राहते. ही ओल झुमक्याच्या फिरकीमागे आणि स्कार्फखाली तशीच कोंडली तर कातडी मऊ पडते आणि निकेल असो वा साबण, आत शिरायला वाट मिळते. नमाजनंतर स्वच्छ रुमालाने कानामागची जागा टिपून घेण्याला क्षणभरही लागत नाही. लच्छ्याचे तसेच आहे. काळ्या पोतीचे मणी सहसा त्रास देत नाहीत. मागचा हूक आणि घामाने भिजलेला दोरा देतो. मानेच्या मागे ठीक हुकाच्या जागी चट्टा असेल तर हूक बदलावा. दोरा वेळोवेळी नवा ओवून घ्यावा, ते काम पटव्याकडे होते.

काळी मेहंदी, अत्तर आणि धोब्याची खूण

मेहंदीच्या पानाचा रंग तांबूस-केशरी येतो. तो काळा कधीच येत नाही. ‘काळी मेहंदी’ म्हणून जी पाकिटे खपतात, त्यांत काळेपणा आणणारे रसायन पॅरा फिनिलीन डायअमीन असते, मग पाकिटावर पानाचे चित्र कितीही हिरवे असो. केस काळे करणे योग्य की अयोग्य, हा मसला उलेमांचा आहे. येथे फक्त कातडीचे बोलतो. या रसायनाची ॲलर्जी झाली की डोक्याच्या जाड कातडीआधी कानांवर, कपाळाच्या कडेला आणि मानेवर ती दिसते, कारण धुताना रंग तिकडेच ओघळतो. सूज वाढली तर डोळे मिटेपर्यंत चेहरा सुजतो. वर्षानुवर्षे लावणाऱ्यालाही ती अचानक होते.

सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे अशा प्रत्येक पाकिटावर इशारा आणि आत चाचणीची कृती, इंग्रजीत व स्थानिक भाषेत छापणे बंधनकारक आहे. कृती अशी: कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची थोडी जागा धुऊन तयार रंगाचा ठिपका लावावा, वाळू द्यावा आणि 24 तासांनी धुवावा. खाज किंवा लाली आली तर तो रंग वापरू नये. त्रास कधी उशिराही उठतो, म्हणून आणखी एक दिवस थांबणे चांगले. ही चाचणी पहिल्याच वेळी करून भागत नाही, प्रत्येक वेळी करायची असते. भुवया व पापण्यांना हा रंग लावणे तर डोळ्यांशी खेळ आहे. ज्या पाकिटावर हा इशारा नाही ते दुकानात ठेवूच नये. आपल्या न्हावी बांधवांनी निदान एवढे तरी विचारावे की मागच्या वेळी खाज आली होती का.

अत्तर लावणे सुन्नत आहे आणि ईद-जुम्याला त्याचा खपही मोठा. परंतु कुपीतले अत्तर म्हणजे पाणी न घातलेला अर्क. तो मानेवर चोळून उन्हात गेले तर काही सुगंधी तेलांमुळे, विशेषतः बर्गामोटसारख्या लिंबूवर्गीय तेलामुळे, ओघळाच्या आकाराचे काळे डाग उमटतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. अत्तर कपड्याच्या आतल्या बाजूला किंवा रुमालाला लावण्यास सुचवावे. डाग पडण्याची भीती असेल तर कापसाचा फाया कानाच्या वळणात ठेवण्याची जुनी रीतही आहेच. मात्र जाताना-येताना तो बदलावा, तेथेच मुरू देऊ नये.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट आठवते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कॉलरच्या जागी, विचित्र फोड येऊ लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण निघाले धोब्याची खूण. कपडे ओळखण्यासाठी धोबी कॉलरला बिब्ब्याच्या तेलाने खूण करत असत. हा बिब्बा आपल्या भागात कोणाला नवा नाही, आणि तो उतला म्हणजे काय होते हेही नवे नाही. मानेवरच्या चट्ट्याचे कारण शोधताना दागिन्याखेरीज कॉलर, मफलर, गमचा यांकडेही पाहावे, एवढ्यासाठी ही गोष्ट.

मान गोरी करणारे क्रीम

आता सर्वांत गंभीर भाग. कटलरीच्या दुकानात मान आणि चेहरा ‘आठ दिवसांत गोरा’ करणाऱ्या डब्या येतात. त्यांवर कधी परदेशी भाषा असते, कधी नुसते चित्र. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी वृत्तपत्रांत आली होती. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींनी गोरेपणाचे क्रीम वापरले आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही अशाच क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले अनेक रुग्ण आढळले. पारा कातडीचा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून आठ दिवसांत फरक दिसतो. पण तो कातडीवर थांबत नाही, रक्तात जातो.

अशी डबी ओळखण्याची एक खूण आपल्या धंद्याच्या लोकांना सहज समजेल. काही डब्यांवर ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असते. पारा सोन्याला लागला की काय होते हे कोणत्याही सोनाराला विचारा. ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘अमोनिएटेड मर्क्युरी’ ही पाऱ्याचीच नावे. दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असलेली मलमे लावून आधी उजळपणा येतो आणि मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, केस व पुरळ उठतात. सोडले की दुप्पट त्रास. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती औषध दुकानातही देता येत नाहीत. मग कटलरीच्या दुकानात त्यांचे काय काम?

सौंदर्यप्रसाधने विकण्यासाठी किरकोळ दुकानदाराला वेगळा परवाना लागत नाही, पण म्हणून जबाबदारी सुटत नाही. बनावट किंवा विनापरवाना बनलेला माल विकणे गुन्हा आहे आणि अन्न व औषध प्रशासन दुकानदारालाच धरते, नांदेडच्या घाऊकवाल्याचा पत्ता मागाहून विचारते. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असावी. परदेशी माल असेल तर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक. यापैकी काही नसेल, घाऊकवाला पक्की पावती देत नसेल, तर नफा कितीही दिसो, माल उचलू नये.

आणखी एक. मानेच्या मागे आणि काखेत कातडी जाड, मखमलीसारखी, काळसर झालेली असेल तर ती मळ नसते. घासून किंवा क्रीमने ती जाणार नाही. वजन जास्त असणाऱ्यांत हे बहुधा शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याचे चिन्ह असते, आणि पुढे मधुमेह येण्याचा संभव असतो. लहान मुलांच्या मानेवर असे दिसले तरी आई-बाप त्यांना दगडाने घासतात, हे पाहवत नाही. अशा गिऱ्हाइकाला साखर तपासून घ्यायला सांगावे. फिकट चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, किंवा कानाच्या पाळ्या विनाकारण जाड होत असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

दागिना काढून टाकूनही आठ-दहा दिवसांत चट्टा बसत नसेल किंवा पू येत असेल तर नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे. जाताना तो दागिना, मेहंदीचे पाकीट आणि क्रीमची डबी पिशवीत घालून न्यावी. कशाची ॲलर्जी आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टर पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात आणि दोन दिवसांनी पाहतात. तोपर्यंत पाठ भिजू द्यायची नसते, म्हणून जुम्याच्या गुस्लचा दिवस टाळून तारीख घ्यावी.